अस्क कुणाकडून आलं? जमिनीच्या नोंदींतून एका मध्ययुगीन वारसदारणीचं घराणं

वेल्सच्या आग्नेय भागात अस्क नदीच्या काठी अस्क नावाचंच एक छोटं गाव आहे. गावावरच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. चौदाव्या शतकात हा किल्ला आणि त्याच्या भोवतालची जहागीर एलिझाबेथ द बर्ग या बाईकडे होती. तिचं मुख्य ठाणं मात्र इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक परगण्यातल्या क्लेअर गावी होतं. केंब्रिजचं क्लेअर कॉलेज आज ज्या नावानं ओळखलं जातं, ते नाव या बाईमुळे आलं. मग देशाच्या दुसऱ्या टोकाचं अस्क तिच्याकडे कसं आलं? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर तिचं जवळजवळ दोनशे वर्षांचं घराणं उलगडत जातं, आणि त्यातल्या ज्या बायकांची नावं एरवी कुठेच सापडली नसती, त्या एकेक करून समोर येतात.

त्या काळातल्या बाईचा शोध घेणं एवढं अवघड का, हे आधी सांगायला हवं. इंग्लंडमध्ये चर्चच्या दप्तरात जन्म, लग्न आणि दफन यांची नियमित नोंद ठेवायला सुरुवात झाली ती १५३८ साली. त्याआधी कुणी कधी जन्मलं, कुणाची मुलगी कुणाला दिली, हे लिहून ठेवायची सक्ती कुणावर नव्हती. बाईच्या आडनावाचाही भरवसा नाही. एलिझाबेथ जन्मानं क्लेअर घराण्यातली. तिची तीन लग्नं झाली: जॉन द बर्ग, मग थिओबाल्ड द व्हर्डन, मग रॉजर डॅमरी. तिसऱ्या लग्नानंतरही ती पहिल्याच नवऱ्याचं आडनाव लावत राहिली, कारण त्या लग्नातून झालेला मुलगा आयर्लंडमधल्या अल्स्टरचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, होता. नुसत्या नावावरून कुणी तिचं माहेर शोधू लागलं, तर ते सरळ आयर्लंडमधल्या बर्ग घराण्यात जाऊन पोहोचेल आणि साफ चुकेल.

जमीन मात्र हा घोळ करत नाही. एखादी जहागीर कुणाच्या हाती असेल, तर ती कुठल्यातरी ठरलेल्या वाटेनंच आलेली असते: वारसानं, हुंड्यात, विधवेचा हिस्सा म्हणून, खरेदीनं किंवा राजाच्या देणगीतून. प्रत्येक वाटेचे कायदे वेगळे आणि कागदही वेगळे. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे जुने फेरफार क्रमाने वाचत गेलं की आजोबा, आत्या, चुलते सगळे त्यात भेटतात, तसंच काहीसं इथेही होतं.

या कागदांत सगळ्यात कामाचा कागद म्हणजे जमीनदाराच्या मृत्यूनंतर होणारी सरकारी चौकशी. लॅटिनमध्ये तिचं नाव ‘इन्क्विझिशिओ पोस्ट मॉर्टेम’. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला, की राजाच्या चॅन्सरीतून, म्हणजे दप्तरखान्यातून, हुकूम सुटे. एस्चीटर नावाचा अधिकारी त्या त्या परगण्यात जाई आणि तिथल्या पंचांना शपथेवर विचारी: मृताकडे कोणकोणती जमीन होती, ती त्यानं कुणाकडून आणि कुठल्या सेवेच्या बदल्यात धरली होती, वर्षाला तिचं उत्पन्न किती, तो कधी वारला, आणि शेवटी, त्याचा सर्वांत जवळचा वारस कोण व त्याचं वय काय. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकापर्यंत हे चालू राहिलं. यातले हजारो चर्मपत्री कागद आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांचे इंग्रजी सारांश १९०४ पासून खंडाखंडानं छापले गेले, त्यामुळे लॅटिन न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते.

राजाला वारसाची एवढी काळजी असण्यामागे पैसा होता. वारस सज्ञान असेल, तर जमीन ताब्यात घेण्याआधी त्याला राजाला रक्कम भरावी लागे. अज्ञान असेल, तर त्याची जमीन आणि त्याचं लग्न ठरवायचा हक्क, दोन्ही राजाकडे जात आणि राजा ते हक्क विकू शके. मुलगा एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. वारसदार मुलगी विवाहित असेल तर चौदाव्या, अविवाहित असेल तर सोळाव्या वर्षी. म्हणून वय विचारलं जाई. मुलींच्या नावांची नोंद कुणी प्रेमानं ठेवली नाही. तिजोरीच्या हिशोबासाठी ठेवली. आपल्याला त्याचा फायदा होतो एवढंच.

याहून जुनी एक नोंद ११८५ सालची आहे. दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी बारा परगण्यांत फिरून, ज्यांची लग्नं ठरवणं राजाच्या हाती होतं अशा विधवा आणि अज्ञान मुलामुलींची यादी केली. कोण कुणाची मुलगी, वय किती, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न किती आणि वाड्यावर बैल-मेंढ्या किती, हे सगळं एकाच ओळीत. ती यादी वाचताना अंगावर काटा येतो, आणि तरीही त्यातल्या कित्येक बायकांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते तिच्यामुळेच.

आता अस्ककडे येऊ. एलिझाबेथच्या हाती ते आलं तिचा भाऊ गिल्बर्ट वारल्यामुळे. २४ जून १३१४ रोजी स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर मारला गेला. वय तेवीस, मागे मूलबाळ नाही. इंग्रजी कायद्याप्रमाणे मुलगा असेल तर थोरला मुलगा सगळं घेई. मुलगा नसेल आणि मुली किंवा बहिणी असतील, तर मात्र थोरल्या-धाकट्याचा फरक न करता सगळ्यांचे समान वाटे पडत. गिल्बर्टला तीन सख्ख्या बहिणी होत्या: एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ. त्या दिवसापर्यंत एलिझाबेथ ही एका अर्लच्या मुलाची अठरा वर्षांची विधवा होती. दुसऱ्या दिवशी ती इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या जहागिरींपैकी एकीच्या तिसऱ्या हिश्श्याची हक्कदार झाली.

पण वाटणी व्हायला तीन वर्षं लागली. गिल्बर्टची विधवा मॉड हिनं आपण गरोदर असल्याचं सांगितलं. पोटातलं मूल जन्मलं असतं, तर तेच एकमेव वारस ठरलं असतं आणि तिन्ही बहिणी बाजूला पडल्या असत्या. महिने उलटले, वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, तरी राजा दुसरा एडवर्ड वाटणी पुढे ढकलत राहिला. थोरलीचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर इतका अस्वस्थ झाला, की १३१५ मध्ये त्यानं क्लेअर घराण्याचा टनब्रिजचा किल्लाच ताब्यात घेतला. शेवटी १३१७ मध्ये वाटणी झाली. एलिनॉरच्या वाट्याला ग्लॅमॉर्गन, मार्गारेटच्या वाट्याला न्यूपोर्ट, आणि कालांतराने एलिझाबेथकडे क्लेअर आणि अस्क. ‘कालांतराने’ म्हणायचं कारण मॉड. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. १३२० मध्ये मॉड वारल्यावर तिच्याकडचा हिस्सा पुन्हा तिघींत वाटला गेला. जमिनीवरून घराणं शोधणाऱ्यानं हा विधवेचा हिस्सा नेहमी लक्षात ठेवावा. एखादी जमीन काही वर्षं भलत्याच बाईच्या नावावर दिसते, तिचं दुसरं लग्न झालेलं असेल तर भलत्याच पुरुषाच्या ताब्यात दिसते, आणि मग अचानक परत येते. ती बाई वारस नव्हती, तो पुरुष विकत घेणारा नव्हता. ती फक्त आधीच्या मालकाची विधवा होती.

वाटणीचे कागद घराण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती फार लोकांच्या लक्षात येत नाही. गिल्बर्टच्या वडिलांना, म्हणजे ‘लाल’ गिल्बर्टला, आधीच्या लग्नापासून दोन मुली होत्या, इझाबेल आणि जोन. दोघींना या वाटणीत काहीच मिळालं नाही. का? १२९० साली लाल गिल्बर्टनं राजा पहिल्या एडवर्डची मुलगी जोन ऑफ एकर हिच्याशी लग्न केलं. लग्नाच्या वेळी त्याला आपली सगळी जमीन राजाच्या हवाली करावी लागली. राजानं ती परत दिली, पण आता नवरा-बायको दोघांच्या नावे आणि त्या दोघांच्या अपत्यांसाठी. पहिल्या लग्नाच्या मुली एका दस्तऐवजानं कायमच्या बाहेर पडल्या. १३१७ च्या वाटणीत तीनच नावं दिसतात म्हणून लाल गिल्बर्टला तीनच मुली होत्या असं धरून चालणारा इथे फसतो. शिवाय त्या काळच्या लॅटिन कागदांत इझाबेल आणि एलिझाबेथ ही दोन्ही नावं एकमेकांच्या जागी लिहिली जात. सावत्र बहीण इझाबेल आणि सख्खी बहीण एलिझाबेथ कागदावर एकच होऊन बसण्याचा धोका इथे अगदी खरा आहे. अशा वेळी नवऱ्याचं नाव आणि गावाचं नाव जुळवून पाहिल्याशिवाय कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवू नये.

या उलट प्रकार एलिझाबेथच्या दुसऱ्या लग्नात झाला. थिओबाल्ड द व्हर्डन १३१६ मध्ये, लग्नानंतर काही महिन्यांतच वारला. त्याला पहिल्या बायकोपासून तीन मुली होत्या. एलिझाबेथ तेव्हा गरोदर होती आणि पुढच्या वर्षी तिला इझाबेला झाली. व्हर्डनची जमीन कुठल्या एका लग्नाच्या अपत्यांपुरती बांधलेली नव्हती, म्हणून बापाच्या मरणानंतर जन्मलेल्या या मुलीलाही बरोबरीचा हक्क मिळाला आणि व्हर्डनच्या जहागिरीचे चार वाटे झाले. दोन आया, चार मुली, चार समान हिस्से. जन्माचा दाखला नसताना बाप कोण हे याहून पक्कं कशानं ठरणार?

हिश्श्यांचे अपूर्णांक म्हणूनच फार मोलाचे. त्यांचा खरा उपयोग कळतो तो अस्कच्या वाटेवर आणखी मागे गेल्यावर. क्लेअर घराण्याकडे अस्क मुळात नव्हतंच. ते त्यांच्याकडे आलं विल्यम मार्शल या पेम्ब्रोकच्या अर्लच्या मुलीमुळे. मार्शल १२१९ मध्ये वारला. मागे पाच मुलगे आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि एकाही मुलाला औरस वारस झाला नाही. शेवटचे दोघे, वॉल्टर आणि अँसेल्म, १२४५ च्या अखेरीस एकमेकांपाठोपाठ गेले. मग इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये पसरलेली ती अवाढव्य जहागीर पाच बहिणींमध्ये, किंवा त्यांच्या मुलाबाळांमध्ये, वाटली गेली. या बहिणींपैकी मॉडच्या वाट्याला चेप्स्टो आणि आयर्लंडमधलं कार्लो. जोनच्या मुलीकडे पेम्ब्रोक आणि वेक्सफर्ड. इझाबेल १२४० मध्येच वारली होती, म्हणून तिचा मुलगा रिचर्ड द क्लेअर याच्याकडे किल्केनी आणि वेल्समधलं अस्क. सिबिलच्या वाट्याचं किल्डेअर तिच्या सात मुलींत विभागलं गेलं. ईव्हाच्या मुलींपैकी एक निपुत्रिक वारली आणि हिस्सा तिघींकडे राहिला.

आता गणित बघा. मार्शलच्या जमिनीचा पाचवा हिस्सा एखाद्या कुटुंबाकडे आढळला, तर तिथे एकटी मुलगी किंवा मुलगा वारस होता. पंधरावा हिस्सा दिसला, तर ती ईव्हाची नात-पणतवंडं असण्याचा संभव आहे. पस्तिसावा हिस्सा दिसला, तर नक्कीच सिबिलच्या सात मुलींपैकी कुणाची तरी शाखा. ज्या मुलीचं नाव कुठल्याच इतिहासात आलेलं नाही, तिच्या बहिणी किती होत्या हे तिच्या वाटणीच्या छेदातून कळतं. मला या संपूर्ण विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

वाट अजून संपलेली नाही. विल्यम मार्शललाही अस्क बायकोकडूनच मिळालं होतं. ती इझाबेल द क्लेअर, ‘स्ट्राँगबो’ नावानं प्रसिद्ध असलेल्या रिचर्डची मुलगी. हा रिचर्ड क्लेअर घराण्याच्याच एका शाखेतला, म्हणून आडनावाचा गोंधळ आणखी वाढतो. पण जमिनीची साखळी स्पष्ट राहते. स्ट्राँगबोनं ११७० मध्ये वॉटरफर्डला आयफा हिच्याशी लग्न केलं. आयफा म्हणजे आयर्लंडमधल्या लाइन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. किल्केनी, कार्लो, किल्डेअर, वेक्सफर्ड हे सगळे आयरिश वाटे त्या लाइन्स्टरमधलेच. १३१७ मध्ये किल्केनीचेही तीन वाटे पडले. म्हणजे एलिझाबेथचं अस्क स्ट्राँगबोपर्यंत नेतं, आणि तिचा किल्केनीतला हिस्सा आयरिश राजकन्येपर्यंत. दोन्ही वाटा मागे जाताना लाल गिल्बर्ट, त्याचा बाप रिचर्ड, आणि मग इझाबेल मार्शल, तिची आई इझाबेल द क्लेअर अशा सलग दोन बायकांतून जातात, आणि किल्केनीची वाट पुढे तिची आई आयफा हिच्याकडे जाते. पुरुषांच्या वंशावळीत यातली एकही साखळी सरळ दिसत नाही.

मृत्यूनंतरच्या चौकशीला आंधळेपणानं मानू नये, हेही तितकंच खरं. पंच स्थानिक असत. त्यांना आपल्या परगण्यातली जमीन ठाऊक, पण शंभर मैलांवरच्या वारसाचं वय त्यांनी अंदाजानं सांगितलेलं असे. ‘तीस वर्षं आणि अधिक’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ फक्त सज्ञान एवढाच घ्यावा. एकाच माणसाबद्दल वेगवेगळ्या परगण्यांचे पंच मृत्यूची तारीखही वेगवेगळी देतात. उत्पन्नाचे आकडे बहुधा कमी दाखवलेले. अज्ञान वारस सज्ञान झाल्यावर वयाची वेगळी चौकशी होई. त्यात साक्षीदार सांगत की त्या वर्षी आपला मुलगा जन्मला, किंवा आपला पाय मोडला, किंवा घर जळालं, म्हणून हे वर्ष लक्षात आहे. वाचायला हे फार जिवंत वाटतं. पण तेच तेच पाय आणि तीच तीच घरं इतक्या कागदांत पुन्हा पुन्हा येतात, की कारकून ठरलेल्या साच्यातून लिहीत असावेत असं अभ्यासकांचं मत आहे. वय खरं असेल, आठवण कदाचित खरी नसेल.

चौकशीला जोड लागते ती दुसऱ्या कागदांची. न्यायालयात जमिनीचा करार झाला, की त्याच्या तीन प्रती एकाच चर्मपत्रावर लिहून नागमोडी रेषेनं कापत. दोन पक्षकारांना दोन, आणि तळाची तिसरी सरकारी दप्तरात. ११९५ पासून या तळाच्या प्रती जपल्या गेल्या. त्यात बापानं मुलीला लग्नात दिलेली जमीन, आणि ‘हिचं अपत्य नसेल तर जमीन अमक्याकडे जाईल’ अशी कलमं सापडतात. आईच्या माहेरचं एखादं लहानसं गाव नातवाच्या हाती दिसलं, तर ते बहुतेक अशा हुंड्यातून आलेलं असतं, आणि आईचं माहेर ओळखायला तेवढा एक धागा पुरतो. बायकोच्या जमिनीवर नवऱ्याचा हक्कही नोंदीत दिसतो. दोघांना जिवंत मूल झालं असेल, तर बायको वारल्यावर तिची जमीन नवरा हयातभर ठेवू शके, आणि कागदावर तो ती ‘इंग्लंडच्या रिवाजानुसार’ धरतो असं लिहिलेलं असे. हे शब्द दिसले की दोन गोष्टी कळतात: जमीन बायकोची होती, आणि त्यांना मूल झालं होतं, मग ते पुढे जगलेलं असो वा नसो.

कागद जमिनीच्या मागोमाग जातात, हे एलिझाबेथच्याच एका दस्तऐवजावरून कळतं. तिचा तिसरा नवरा डॅमरी राजाविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि मार्च १३२२ मध्ये मरण पावला. एलिझाबेथला मुलांसह बार्किंगच्या मठात डांबलं गेलं. थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर आता राजाचा लाडका होता. त्यानं तिच्याकडून अस्क घेतलं, बदल्यात वेल्समधलंच गॉवर दिलं, आणि मग दावा घडवून आणून गॉवरही काढून घेतलं. १३२६ मध्ये तिनं या सगळ्याविरुद्ध आपला निषेध लेखी नोंदवून ठेवला: आपण संमती दिली ती जबरदस्तीनं, दहशतीखाली. त्याच वर्षी डिस्पेन्सर फासावर गेला आणि अस्क तिला परत मिळालं. त्या निषेधाची नक्कल आज उपलब्ध आहे ती मॉर्टिमर घराण्याच्या नकलांच्या वहीत. मॉर्टिमरांचा तिच्या भांडणाशी काय संबंध? पुढे अस्क आणि क्लेअर त्यांच्याकडे गेलं, आणि हक्काचे कागद जमिनीबरोबर गेले.

ते कसं गेलं तेही बायकांमधूनच. एलिझाबेथचा एकुलता मुलगा विल्यम १३३३ मध्ये आयर्लंडमध्ये मारला गेला. मागे त्याची तान्ही मुलगी, तिचंही नाव एलिझाबेथ. ४ नोव्हेंबर १३६० रोजी आजी वारली तेव्हा वारस ठरली ती ही नात. आजीच्या पुढच्या दोन लग्नांतून इझाबेला आणि आणखी एक एलिझाबेथ, अशा दोन मुली झालेल्या होत्या, पण मुलाची मुलगी बापाच्या जागी उभी राहते आणि आत्यांना मागे सारते. चौकशीच्या कागदात फक्त नातीचं नाव दिसतं म्हणून आजीला मुली नव्हत्या असं कुणी समजू नये. त्या मुलींचा माग काढायचा, तर इझाबेलाच्या माहेरच्या व्हर्डन आणि धाकटीच्या सासरच्या बार्डॉल्फ घराण्यांच्या जमिनींकडे जावं लागतं. नातीचा नवरा लायनेल, राजा तिसऱ्या एडवर्डचा मुलगा. क्लेअरवरूनच त्याला क्लॅरेन्सचा ड्यूक ही पदवी मिळाली. त्यांची एकुलती मुलगी फिलिपा १३६८ मध्ये एडमंड मॉर्टिमरला दिली. तिच्या नातवाला, दुसऱ्या एका एडमंडला, मूल झालं नाही. १४२५ मध्ये तो वारल्यावर त्याच्या बहिणीच्या, ॲनच्या, मुलाकडे सगळं गेलं. तो यॉर्कचा ड्यूक रिचर्ड. त्याचा मुलगा १४६१ मध्ये चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला आणि क्लेअर, अस्क दोन्ही राजघराण्याच्या मालमत्तेत मिसळली.

इथे हा माग थांबतो, आणि कारण सरळ आहे. मृत्यूनंतरची चौकशी राजाकडून जमीन धरणाऱ्यांची होई. जमीन राजाचीच झाल्यावर एस्चीटरला अस्कमध्ये पंच बोलवायचं कारण उरलं नाही, आणि या घराण्यासाठी ‘सर्वांत जवळचा वारस कोण’ हा प्रश्न तिथे पुन्हा विचारला गेला नाही.